चौथ्या खुर्चीचा प्रश्न

दिवाळीच्या दिवसांत कोणाशी भांडू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. फराळाचे ताट पुढे असताना माणसाने गोड बोलावे हेच बरे. परंतु संपादकांनी मागितलेला लेख लिहावयास बसलो आणि मनात दुसरा विषय येईचना. तेव्हा वाचकांची क्षमा मागून आरंभीच सांगून टाकतो, की हा लेख भांडणाचा आहे. भांडण एका खेळावरून आहे आणि त्या खेळाचे नाव माहजाँग.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या रमीचा हा चिनी चुलतभाऊ समजा. पत्त्यांच्या जागी हाडाच्या, बांबूच्या आणि आता बहुधा प्लॅस्टिकच्या जाड सोंगट्या. पूर्ण संचात त्या १४४. वर्तुळे, बांबू आणि अक्षरे अशा तीन रंगांत एक ते नऊ, प्रत्येकीच्या चार प्रती, म्हणजे १०८ झाल्या. चार दिशांच्या वाऱ्यांच्या १६. तांबड्या, हिरव्या आणि पांढऱ्या मिळून १२. यांना पाश्चात्त्यांनी ‘ड्रॅगन’ हे नाव देऊन टाकले, चिनी माणूस त्यांना तसे म्हणत नाही. उरलेल्या आठ फुलांच्या आणि ऋतूंच्या. चौघांनी चार बाजूंना बसावयाचे, सोंगट्या पालथ्या घालून खळखळ ढवळावयाच्या, त्यांची चौकोनी भिंत रचावयाची आणि प्रत्येकी तेरा घेऊन खेळास लागावयाचे. एक उचलावी, एक टाकावी. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जमली, की डाव जिंकला. खेळाचा गाभा इतकाच. बाकी सारे गुणांचे हिशेब, आणि ते गावोगाव निराळे.

हा खेळ माझ्या घरात आला तो मावशीच्या हातून. मावशी मूळची चिपळूणची. लग्नापूर्वी तिने सोंगट्या पाहिल्या त्या सारीपाटाच्या. पण यजमान नौदलात, आणि आपल्या सैन्यदलांतील अधिकाऱ्यांच्या पत्नींमध्ये माहजाँग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. नवीन सूनबाई तळावर आली, की वडीलधाऱ्या बायका तिला चौथी म्हणून टेबलाशी ओढीत. मावशी मला सांगते, “अरे, इंग्रजी धड येत नव्हतं, हिंदी मोडकं. पण सोंगटी टाकताना कुणी भाषा विचारली नाही. पहिल्या महिन्यात चार मैत्रिणी झाल्या.” काका महिनोन् महिने समुद्रावर असत. त्या दिवसांत त्या टेबलाने तिला सांभाळले, असे ती आजही म्हणते.

निवृत्तीनंतर ती दोघे पुण्यास आली. काका गेले. मावशीने एका क्लबाच्या व्हरांड्यात पुन्हा चौकडी जमविली. एक पंजाबी कर्नलांची विधवा, एक पारशी बाई, एक तमिळ शिक्षिका आणि आमची मावशी. दर गुरुवारी दुपारी तीनला बैठक. पैसा कधी लावला नाही. गुणांचा हिशेब चिंचोक्यांनी. ते चिंचोके मावशीने एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते, आणि त्या पारशी बाई दर वेळी ते मोजून परत देत. नातवंडांचे ताप, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, बँकेतले कागद, कोणाची मोलकरीण पळाली आणि कोणाचा मुलगा अमेरिकेहून येणार, सारा व्यवहार त्या चौकोनी भिंतीच्या आडून होई. एखादी गुरुवारी आली नाही, तर उरलेल्या तिघी संध्याकाळी तिच्या दारात उभ्या.

दोन वर्षांपूर्वी क्लबात नवे मंडळ निवडून आले आणि त्याने ‘स्पर्धात्मक माहजाँग’ सुरू केला. हेतू चांगला होता, हे मी मनापासून मानतो. टेबलावर घड्याळ आले. खेळताना खेळापुरतेच बोलावयाचे, असा नियम झाला. किमान इतके गुण भरल्याशिवाय डाव जिंकता येणार नाही, असे ठरले. फळ्यावर नावांची क्रमवारी लागली आणि क्रमवारीप्रमाणे टेबले वाटली गेली. मावशीचे वय अठ्ठ्याहत्तर. तिची नजर अधू, म्हणून ती सोंगटी अंगठ्याने चाचपून ओळखते, आणि त्याला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी तिने समोरच्या बाईंना नातीच्या तापाची चौकशी केली आणि तिला समज मिळाली. पुढच्या महिन्यात तिच्या दोन मैत्रिणी वरच्या टेबलावर गेल्या, तिसरीने येणे सोडले, आणि मावशी शेवटच्या टेबलावर तीन अनोळखी माणसांत बसली. त्यानंतर तीही गेली नाही. आता सोंगट्यांची पेटी आणि चिंचोक्यांचा डबा दोन्ही कपाटात आहेत.

मी त्या मंडळातील एका गृहस्थांना भेटलो. गृहस्थ सौजन्यशील होते, चहा दिला. म्हणाले, “तुमच्या मावशी खेळत होत्या ती करमणूक हो. वेळ घालवण्याचा प्रकार. आम्ही आणला तो खरा माहजाँग.”

हे वाक्य मला झोपू देत नाही, आणि माझे भांडण या वाक्याशी आहे. स्पर्धा भरवू नका, असे मी म्हणत नाही. परंतु स्पर्धेतला खेळ तेवढा खरा आणि घरातला खेळ म्हणजे त्याची बिघडलेली नक्कल, हा जो समज आता जगभर रुळत चालला आहे, तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत म्हाताऱ्या, एकाकी, मंद हातांची माणसे देत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम ‘खरा’ या शब्दाकडे पाहू. हा खेळ कन्फ्यूशियसने शोधला, अशी एक दंतकथा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सोंगट्या विकणाऱ्यांनी पाश्चात्त्य देशांत पसरविली. ती खोटी आहे. माहजाँग एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये आकारास आला, जुन्या चिनी पत्त्यांच्या खेळांतून. ते पत्ते नाण्यांचे होते: सुटी नाणी, नाण्यांच्या माळा आणि दहा-दहा हजारांच्या राशी. आजची वर्तुळे, बांबू आणि अक्षरे ही त्यांचीच रूपे. म्हणजे हा खेळ कोणा ऋषीने किंवा समितीने बसून रचलेला नाही. घराघरांत, चहाच्या दुकानांत, बंदरांवर तो हातोहात घडला, आणि जिथे गेला तिथला झाला. सेच्वान प्रांतात वारे आणि ड्रॅगन काढून टाकून १०८ सोंगट्यांनीच खेळतात. हाँगकाँगचे गुण निराळे. जपानने ‘रीची’ची घोषणा जोडली: तुमचा हात एका सोंगटीवर अडला आहे, हे आधी जाहीर करावयाचे आणि धोका पत्करावयाचा. अमेरिकेने विदूषकाच्या सोंगट्या घातल्या आणि आरंभी आपसांत सोंगट्या बदलण्याचा एक सोहळाच निर्माण केला. यांतला खरा कोणता? आपल्याकडे आमटी घरोघर निराळी होते. म्हणून एखाद्या समितीने एक आमटी ठरवून बाकीच्या घरांना ‘तुम्ही शिजवता ती आमटीच नव्हे’ असे सांगितले, तर आपण काय म्हणू?

चीनच्या क्रीडा मंडळाने अधिकृत स्पर्धा-नियम प्रसिद्ध केले ते १९९८ साली. त्यांत गुण मिळविण्याचे ८१ प्रकार आहेत आणि डाव जिंकण्यास किमान आठ गुण लागतात. नियम विचारपूर्वक केलेले आहेत, यात शंका नाही. पण खेळ निदान सव्वाशे वर्षांचा, आणि हे नियम अजून तिशीही न गाठलेले! नातवाने आजोबांची ओळख पटवून द्यावी, तसा हा प्रकार.

याचा एक गमतीदार दाखला २०१४ साली मिळाला. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे युरोपची खुली माहजाँग स्पर्धा झाली. चिनी खेळाडू गेले. त्यांच्यातला सर्वांत वरचा खेळाडू तिसावा आला आणि संघ सदतिसावा. चीनमध्ये गहजब उडाला. राष्ट्रीय खेळात राष्ट्राची अब्रू गेली, असा सूर लागला. माझ्या मते अब्रू वगैरे काही गेली नाही. कोट्यवधी चिनी माणसे आपापल्या गावच्या रीतीने खेळतात, अधिकृत नियमांनी खेळणारे त्यांत थोडे. चेंगडूच्या बागेतल्या चहाच्या टेबलाशी बसणाऱ्या आजोबांना ८१ प्रकार पाठ करण्याचे कारणच कधी पडलेले नाही. ज्यांनी खेळ जन्मास घातला आणि जगविला, ते ज्या कसोटीस उतरत नाहीत, तिने मोजले जाते ते कशाचे माप, हा प्रश्न कसोटी लावणाऱ्यांनी स्वतःस विचारावयास हवा होता.

आता घरातला खेळ ‘वेळ घालवण्याचा प्रकार’ आहे का, ते पाहू. हाँगकाँगमध्ये लग्नाची मेजवानी रात्री उशिरा असते. पाहुणे दुपारपासून येतात आणि मंडपात माहजाँगची टेबले मांडलेली असतात. वधूकडची आत्या आणि वराकडचा मामा, ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, ते मेजवानीपर्यंत एकमेकांचे स्वभाव ओळखून असतात. सेच्वानात माणूस गेल्यावर घरच्यांसोबत रात्र जागविणारे शेजारीपाजारी अंगणात माहजाँग मांडून बसतात. आपल्याला हे विचित्र वाटेल. पण शोकाच्या घरी माणसे पहाटेपर्यंत थांबावीत कशी, याचे ते एक उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींच्या तावडीतून सुटून शांघायला पोचलेले ज्यू निर्वासित तिथल्या कोंदट वस्तीत हाच खेळ शिकले. आणि अमेरिकेतील ज्यू स्त्रिया युद्धानंतरच्या काळात उन्हाळ्याला न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल डोंगरांतील छोट्या बंगल्यांत मुलांना घेऊन राहात, नवरे आठवडाभर शहरात कामावर, तेव्हा त्यांच्या दुपारी माहजाँगनेच भरलेल्या असत. आमच्या मावशीची तळावरची दुपार आणि त्यांची डोंगरावरची दुपार यांत मला तिळमात्र फरक दिसत नाही.

चिनी भाषेत या खेळाचा एक वाक्प्रचार आहे, ‘तिघे आहेत, एक कमी’. तिघे जमले आहेत, टेबल मांडले आहे, चौथा मिळाला की झाले. मग शेजाऱ्याला हाक जाते, दूरच्या भावजयीला निरोप जातो, कोणा लाजऱ्या नवख्याला ओढून बसविले जाते. आपल्याकडे पत्त्यांना चौथा भिडू हवा असला, की स्वयंपाकघरातल्या काकूला पदराला हात पुसत यावे लागते, तसेच. घरातल्या खेळाला माणसाची गरज असते, आणि माणूस कसा खेळतो हे तो नंतर विचारतो. स्पर्धेतही चौघे लागतात हे खरे. पण तिथे माणूस कसा खेळतो हे आधी विचारले जाते, आणि खुर्ची त्याप्रमाणे मिळते. चौथ्या खुर्चीवर कोण बसणार, या एका प्रश्नात दोन्ही खेळांतला सारा भेद आहे.

माझ्या विरुद्ध बाजूस तीन मुद्दे आहेत, आणि ते पोकळ नाहीत. एकेकाचा विचार करू.

पहिला मुद्दा जुगाराचा. घरगुती माहजाँगच्या नावाखाली संसार धुळीस मिळाले आहेत. चीनचे थोर विचारवंत हू शिः यांनी १९२७ च्या सुमारास या खेळावर कडाडून टीका केली होती. त्यांनी हिशेब मांडला, की देशात रोज निदान दहा लाख टेबले लागतात असे धरले आणि प्रत्येकावर अर्ध्या अर्ध्या तासाच्या आठ फेऱ्या धरल्या, तरी रोजचे चाळीस लाख तास गेले. हा हिशेब वाचून माणूस गप्प बसतो. (त्यांच्या पत्नीला मात्र हा खेळ फार प्रिय होता, हेही प्रसिद्ध आहे, देशाच्या तासांचा हिशेब मांडणे सोपे, घरातल्या तासांचा कठीण!) १९४९ नंतर चीनच्या साम्यवादी सरकारने खेळ दडपला, सांस्कृतिक क्रांतीत तर सोंगट्या बाळगणे धोक्याचे झाले, १९८० नंतरच्या दशकात त्याला पुन्हा मोकळीक मिळाली. स्पर्धावाले म्हणतात, आम्ही पैसा काढून टाकला आणि खेळाला प्रतिष्ठा दिली. जपानमध्ये २०१८ साली सुरू झालेल्या एम-लीग या व्यावसायिक संघांच्या स्पर्धेत जुगार खेळणाऱ्या खेळाडूला थाराच नाही. हे काम चांगले झाले, मी त्याला हात जोडतो. पण जुगार हा पैशाचा रोग आहे, गप्पांचा नव्हे. पैसा काढून टाकण्यासाठी बोलणे काढून टाकावे लागत नाही. मावशीच्या टेबलावर पंचेचाळीस वर्षे एक पै लागली नाही; तिथे घड्याळही नव्हते आणि पंचही नव्हता. तिथे चिंचोके होते.

दुसरा मुद्दा समान नियमांचा. प्रत्येक घराचा नियम निराळा, मग परक्या माणसाने बसावे कुठे? डच माणूस आणि जपानी माणूस एका टेबलाशी बसावयाचे, तर एक नियमपुस्तक हवेच. २००२ साली टोकिओत जागतिक स्पर्धा झाली, २००५ साली नेदरलंड्समध्ये युरोपची पहिली खुली स्पर्धा झाली. त्यांतून अनेकांना दूरदेशीचे मित्र मिळाले असतील. ज्याच्या घरी खेळणारे कोणीच नाही, अशा एकट्या माणसाला स्पर्धेने टेबल दिले, हेही खरे. आपल्या खो-खोला डेक्कन जिमखान्याने नियम बांधून दिले नसते, तर तो गावोगाव विखुरलेला राहिला असता. हे सारे कबूल.

परंतु समान नियम आणि क्रमवारी या दोन गोष्टी एकच नव्हेत, आणि इथेच आपली फसगत होते. याचा पुरावा अमेरिकेत आहे. १९२० साली जोसेफ बॅबकॉक नावाच्या, चीनमध्ये तेल कंपनीत नोकरी केलेल्या गृहस्थाने सोपे नियम छापून हा खेळ अमेरिकेत नेला. काही वर्षे त्याचे वेड लागले, आणि इतक्या प्रकारचे नियम निघाले, की दोन शेजारणींना एकत्र खेळता येईना. तेव्हा १९३७ साली काही स्त्रियांनी न्यूयॉर्कमध्ये ‘नॅशनल माहजाँग लीग’ स्थापन केली आणि नियम एक केले. आजही ती संस्था दर वर्षी जिंकणाऱ्या हातांचे नवे कार्ड काढते. कार्ड बदलले, की जुन्या खेळणारणीलाही नव्याने शिकावे लागते. पण त्या बायकांनी नियम एक केले ते कशासाठी? एका गावची बाई दुसऱ्या गावी गेली, तर तिला तिथल्या टेबलाशी बसता यावे म्हणून. नियम झाले, संस्था झाली, आणि खेळ राहिला तो जेवणघराच्या टेबलावरच, खाऊच्या बश्यांसकट. तेव्हा नियमांचा मी वैरी नाही. नियम दार उघडण्यासाठी आहेत, की आत कोणास घ्यावयाचे नाही हे ठरविण्यासाठी, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत बळकट. ते म्हणतात, माहजाँग ही बुद्धीची कला आहे. टाकलेल्या सोंगट्या ध्यानात ठेवणे, समोरच्याचा हात ओळखणे, आपला हात सोडून देऊन बचाव करणे, या गोष्टींत प्रावीण्य आहे. त्याचा गौरव का होऊ नये? २०१७ साली आंतरराष्ट्रीय बौद्धिक क्रीडा संघटनेने बुद्धिबळ आणि ब्रिज यांच्या पंक्तीत माहजाँगला बसविले, ते उगीच नव्हे.

गौरव खुशाल व्हावा. पण या गौरवाची यंत्रणा कशी चालते, ते वाचकांनी नीट पाहावे. बुद्धिबळात दैवाला जागा नाही; दोघांसमोर सारखी फौज असते. माहजाँगमध्ये भिंतीतून काय हाती येईल ते दैवाच्या हाती. नवशिका पहिल्या दिवशी उस्तादाला हरवू शकतो, आणि घरगुती खेळाचा अर्धा आनंद त्यातच आहे. आता अशा खेळात कौशल्य मोजावयाचे, तर एका डावाने भागत नाही. दैवाचा वाटा पुसला जावा म्हणून पुष्कळ डाव व्हावे लागतात. पुष्कळ डाव ठराविक वेळात बसवावयाचे, तर वेग हवा. वेग हवा म्हणून घड्याळ आले. घड्याळ आले म्हणून गप्पा गेल्या. गप्पांतून इशारे दिले जातील ही शंका आली, म्हणून उरलेसुरले बोलणेही गेले. स्वस्त हातांनी डाव झटपट संपू नयेत म्हणून किमान गुणांची अट आली, आणि ती अट पाळावयास प्रकार पाठ हवेत. प्रत्येक पाऊल तर्कशुद्ध आहे, कोणीही दुष्टपणा केलेला नाही. पण शेवटी खेळाबाहेर पडले कोण? जिचे डोळे अधू ती, जिचे हात कापतात ती, जिला ८१ प्रकार आठवत नाहीत ती, आणि जी मुळात बोलावयास आली होती ती. दैव पुसून काढता काढता माणसेच पुसली गेली!

हे व्यावसायिक स्पर्धेत झाले तर माझी तक्रार नाही. तिथे जाणारा ते जाणूनच जातो. तक्रार आहे ती ही, की स्पर्धेचा कायदा आता विसाव्याच्या जागी येऊन बसू लागला आहे. गुरुवारच्या दुपारी चार वृद्ध बायकांमध्ये पहिली कोण आणि शेवटची कोण, हे जाणण्याची जगाला काय गरज होती? त्या फळ्यावर नाव लागण्यापूर्वी मावशीला आपण वाईट खेळतो हे ठाऊकच नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. ती हरली, तर पारशी बाई म्हणत, “आज तारो दिवस नथी,” आणि चिंचोके डब्यात जात.

आणि घरातल्या खेळात कसोटी नसते, असे तरी कोणी सांगितले? माणसाचा खेळ पाहून माणूस ओळखावा, असे चिनी लोक मानतात. हरताना तोंड वाकडे कोण करतो, जिंकल्यावर टेबल कोण आपटतो, म्हाताऱ्या खेळणारणीला सोंगटी दिसली नाही तर हळूच तिचे नाव कोण सांगतो, जिंकण्याचा हात असतानाही लहान मुलाला एक डाव कोण सोडून देतो, हे सारे त्या टेबलावर मोजले जाते. त्याची क्रमवारी लागत नाही इतकेच. स्पर्धेच्या कायद्यात मुद्दाम डाव सोडून देणे हा दोष आहे. आमच्या आजीच्या कायद्यात तो गुण होता. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर असतील. पण माझ्या मुलांना घरी कोणता शिकवावयाचा, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा टीका पुरे; मागणे काय ते सांगतो. ज्या ज्या क्लबात, मंडळात, ज्येष्ठांच्या संघात असा खेळ चालतो, मग तो माहजाँग असो, ब्रिज असो की रमी, तिथे स्पर्धा खुशाल असू द्यावी. पण खेळाच्या प्रत्येक दिवशी निदान एक टेबल बिनघड्याळाचे आणि बिनफळ्याचे राखून ठेवावे. त्या टेबलाला ‘नवशिक्यांचे’ किंवा ‘कच्चे’ असे नाव देऊ नये. तिथे कोणी किती हळू खेळावे, यावर कोणी बोलू नये; आणि कोणी किती बोलावे, यावर तर मुळीच बोलू नये. यात क्लबाचे एक टेबल आणि चार खुर्च्या खर्ची पडतील. माझे हे मागणे मी त्या सौजन्यशील गृहस्थांना लेखी दिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

उत्तर येईल तेव्हा येवो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या घरी पत्त्यांचा डाव बसतो, तो रिवाज यंदा मोडावयाचा ठरविला आहे. मावशीला फोन करून म्हटले, “पेटी घेऊन ये. आम्हाला शिकव.”

ती म्हणाली, “मला आता दिसत नाही रे नीट. फार वेळ लागेल.”

म्हटले, “लागू दे.”

मग तिने जरा थांबून विचारले, “पण तुम्ही किती जण आहात?”

मी, माझी पत्नी आणि धाकटी मुलगी. तिघे आहोत, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “बरं, मग येते. चिंचोके आहेत माझ्याकडे.”